चांदीचा गाळ

आमची आणि गाळकाकांची भिंत एकच. त्यांच्याकडे भांडं पडलं की आमच्याकडे ऐकू येतं, आणि आमच्याकडे कुणी खोकलं की काकू पलीकडून ओरडून विचारतात, "औषध घेतलं का?" त्यामुळे हे जे सांगतोय ते मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बरंचसं डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं भिंतीतून आलंय.

गाळकाका टँकरवर ड्रायव्हर होते. आमच्या शहराचं सगळं सांडपाणी, म्हणजे अंघोळीचं, धुण्याचं, संडासाचं, छोट्यामोठ्या कारखान्यांचं, वेशीबाहेरच्या केंद्रात जातं. तिथं ते साफ करून नदीत सोडतात. मागे टाक्यांच्या तळाशी काळा, दाट चिखल उरतो, त्याला गाळ म्हणतात. हा गाळ टँकरमध्ये भरायचा आणि आजूबाजूच्या शेतांवर फवारायचा, हे काकांचं काम. केस पिकले तरी दुसरं काही त्यांनी केलं नाही. संध्याकाळी घरी आले की दारात गमबूट काढायचे, बाहेरच्या नळाखाली हातपाय घासायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. तरी वास यायचाच. काकू म्हणायच्या, "माझं नाक लहानपणापासूनच चोंदलेलं. म्हणून तर हा संसार टिकला."

काकांना मात्र त्या वासाची लाज नव्हती. सुरुवातीला शेतकरी नाकाला रुमाल लावून हाकलून द्यायचे, मग पीक पाहिल्यावर तेच लोक रस्त्यात गाडी अडवू लागले, "आमच्याकडे कधी येता?" फुकटचं खत, आणि असं की काठी रोवली तर तिलाही पालवी फुटावी. "लोक टाकतात ते मी मातीला खायला घालतो," काका म्हणायचे, "आणि माती तुम्हाला खायला घालते. हसा लेको."

या गाळातला सगळ्यात चांगला वाटा जायचा ताईंच्या शेतात. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनंच काकांना कडेवर घेऊन वाढवलं. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला ती अजून "छोट्या" म्हणायची आणि तोही "काय गं" म्हणून ओ द्यायचा. तिचं शेत उतारावरचं, मुरमाड. नवरा असेपर्यंत कसंबसं चाललं होतं, तो गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक. काकांनी ऐकलं नाही. दर हंगामाला पेरणीआधी, मातीत नांगरून मिसळायला म्हणून, एक तरी टँकर ताईच्या बांधावर वळायचा. काही वर्षांत ती मुरमाड जमीन काळी, भुसभुशीत झाली. कोबीचे गड्डे दोन हातांत मावेनात. मुलगा, सून आणि नात, सगळं घर त्या तुकड्यावर उभं राहिलं. नातीला सगळे पिटुकली म्हणतात. ती चालायला लागली तेव्हापासून वाटाण्याच्या वाफ्यातच असायची, शेंगा सोलून कच्चेच दाणे गट्टम करायची. काका तिला पाहून सुखावायचे. "आमचं मूल भाजीवर वाढलंय, बाटलीवर नाही," असं येईल त्याला सांगायचे.

मग एका वर्षी वाटाणा पिवळा पडला.

ताईनं सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "खत कमी पडलं असेल," आणि आणखी एक टँकर आणून टाकला. पुढच्या हंगामात वाटाणा गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नाही. काकांनी अजून टाकला. आपल्या हातात एकच औषध असलं की प्रत्येक दुखण्याला आपण तेच देतो, तशातली गत.

त्याच सुमारास मातीवाल्या बाई आल्या. त्या एका शेतकी संस्थेत माती तपासायचं काम करत. गाळ टाकलेल्या शेतांमधले नमुने त्यांना हवे होते. केंद्राच्या साहेबांनी त्यांना काकांच्या शेजारी टँकरमध्ये बसवून दिलं. बाई साध्या होत्या, वासानं नाक मुरडलं नाही म्हणून काकांना आवडल्या. ताईच्या शेतात त्यांनी नळीनं खोलवर माती काढली, पानं खुडली, वाटाण्याचं एक रोप मुळासकट उपटून पाण्यात धुतलं आणि कितीतरी वेळ ते मूळ बघत बसल्या.

"या मुळांवर गाठी असायला हव्यात," त्या म्हणाल्या. "बारीक, गुलाबीसर. त्यांत जिवाणू राहतात, ते झाडाला हवेतून खत बनवून देतात. इथं एकही गाठ नाही."

"म्हणजे काय झालंय?" ताईनं विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगता नाही येणार."

निकाल घेऊन त्या परत आल्या त्या थेट काकांच्या घरी. पावसाळी दुपार होती, मीही तिथंच होतो, आमच्या घरातला चहा संपला म्हणून गेलेलो. बाईंनी आधी काकूंना विचारलं, "काका जेवलेत का?" तेव्हाच मला कळलं, निकाल चांगला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. हल्ली कपड्यांना वास येऊ नये म्हणून कापडावर चांदी चढवतात. दागिन्यातली नव्हे, इतके बारीक कण की केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक कण. चांदी जंतू मारते, म्हणून घामाला वास येत नाही. पण कपडा धुतला की थोडे कण पाण्याबरोबर जातात. मलमांतून, रंगांतून जस्ताचे आणि इतर धातूंचेही असेच कण जातात. केंद्रात पाणी साफ होतं, म्हणजे हे कण पाण्यातून निघतात आणि गाळात बसतात. सगळ्याच गाळांत थोडे असतात. पण आपल्या शहरात कापडावर चांदी चढवणारा एक कारखाना आहे, आणि तो आपलं धुवण सरळ गटारात सोडतो. म्हणून आपल्या गाळात ते खूप आहेत.

"जंतू मारायला बनवलेली चीज ती," बाई म्हणाल्या. "मातीत गेल्यावर तिथले चांगले जिवाणूही मारत असणार. वाटाण्याच्या गाठी त्यामुळेच गेल्या असाव्यात. ताईंच्या शेतात मी पाहिलेल्यांतलं सगळ्यात जास्त प्रमाण आहे."

सगळ्यात जास्त. काका खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. पायात मोजे होते, लेकीनं पाठवलेले, वास न येणारे. "बाबांच्या नोकरीसाठी खास," असं तिनं गमतीनं म्हटलं होतं. ते त्यांनी हळूच काढले आणि खुर्चीखाली सरकवले.

मग त्यांनी विचारलं, "भाजीत येतंय का ते?"

"पानांत सापडलंय. दाण्यात कमी, पण आहे."

"माझी नात रोज कच्चे दाणे खाते. बहिणीची नात. तिला काय होईल?"

बाईंनी डोळे मिटून उघडले. "माहीत नाही, काका."

"तुम्हाला माहीत नाही की कुणालाच माहीत नाही?"

"प्रयोग चालू आहेत. उंदरांवर झालेत, पेशींवर झालेत. पण इतकं थोडंथोडं, इतकी वर्षं, लहान मुलानं खाल्लं तर काय, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. बरीचशी चांदी मातीत बांधली जाते, शरीरातूनही बाहेर पडत असेल. मी खोटं सांगून तुम्हाला धीर देऊ शकते, पण देणार नाही."

"आणि मातीतून काढायचं कसं?"

"ते नाही निघत."

त्या गेल्यावर काका उठून बाहेरच्या नळाखाली जाऊन उभे राहिले. पावसात नळ सोडून हात घासत होते. काकूंनी हाक मारली तरी घासतच होते.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात साहेबांसमोर गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. काकांच्या लेकीच्या लग्नात राबलेला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, गाळात काय किती चालतं याचे नियम आहेत. शिसं आहे, पारा आहे, बाकी सगळे आहेत. चांदी त्यात नाहीच. जे नियमातच नाही ते जास्त आहे असं मी कसं म्हणू?"

"मग कारखान्याला तरी सांगा."

"काय सांगू? तुम्ही नियम मोडला नाहीत पण बंद करा, असं? आणि गाळ रोज येणारच ना. शहरानं काय उद्यापासून अंघोळ थांबवायची? टाक्या भरल्यात. तुमचा टँकरही भरून उभा आहे. आज कोबीवाल्या शेतकऱ्याची पाळी आहे, तो वाट बघतोय."

काका टँकरवर बसले. कोबीवाल्याच्या वळणापर्यंत गेले आणि तिथं त्यांना पुढे जाववेना. मागे गाळ डचमळतोय, समोर हिरवंगार शेत. शेतात टाकवत नाही, नदीत सोडवत नाही, रस्त्यावर ओतता येत नाही. अख्ख्या जगात तो टँकर रिकामा करायला जागा नाही, हे त्या वळणावर त्यांना पहिल्यांदा उमजलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. शेवटी त्यांनी गाडी फिरवली, केंद्राच्या फाटकात आडवी लावली, किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पायी घरी आले. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणीतरी तो टँकर कोबीवाल्याकडे पोचवला होता. काकांची नोकरी गेली, गाळ आपल्या जागी पोचला.

आता ताईला सांगायचं राहिलं होतं. ते टाळत राहिले. तोंड उघडायचे आणि वाटाण्यावर, पावसावर, गुडघ्यांवर बोलून परत यायचे. शेवटी पिटुकली एकदा ओच्यात शेंगा घेऊन त्यांच्याकडे धावत आली, "आबा, आ करा!" म्हणाली, तेव्हा त्यांनी तिचा हात असा झटकला की शेंगा उडाल्या आणि पोर भोकाड पसरून आत पळाली. ताई दारात आली.

"छोट्या, काय झालंय तुला?"

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सून पिटुकलीला पोटाशी धरून ऐकत होती. सगळं संपल्यावर ताई म्हणाली, "तू चांगलं म्हणूनच आणलंस."

"हो गं."

"मग आता काढ."

"काढ म्हटलं की निघतं होय, ताई?"

"ते मला माहीत नाही. तू टाकलंस, तू काढ." आणि तिनं दार लावलं. या भावाच्या तोंडावर तिनं दार लावल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

काकांनी खरंच काढायला घेतलं. फावडं, घमेली, एक चाकगाडी. ताईच्या शेताचा वरचा थर ते खरवडू लागले. मी आणि ताईचा मुलगा आधी समजवायला गेलो आणि मग त्यांच्याबरोबर खरवडू लागलो, कारण नुसतं बघवत नव्हतं. पाठीचा काटा ढिला झाला. ती माती टाकायची कुठं हा प्रश्न आलाच, तेव्हा काका म्हणाले, "माझ्या अंगणात." टेंपोनं आणून अंगणात ओतली. काकूंची फुलझाडं त्याखाली गेली. ढीग आमच्या भिंतीला लागला, खिडकीपर्यंत आला. शेजारपाजारचे विचारायला आले, "काका, माती झकास दिसते, कुंड्यांना दोन घमेली नेऊ?" काका अंगावर धावून गेले. नंतर त्या ढिगावर त्यांनी ताडपत्री घातली आणि तिच्यापाशी खुर्ची टाकून बसू लागले, जसं काही त्या मातीला पाय फुटणार होते.

मातीवाल्या बाईंना कळलं तशा त्या धावत आल्या. शेतात उतरल्या, नळी घातली, माती तपासायला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा काका खरवडलेल्या शेताच्या कडेला उभेच होते.

"काका, थांबवा हे."

"अजून अर्धं राहिलंय."

"इतकी वर्षं नांगरलंय ना हे? वरचं खाली गेलंय. तुम्ही काढलं त्याच्या खालीही तेवढंच आहे. आणि काढलंत ते..." बाईंनी हातातली नळी खाली टेकवली. "जमिनीत जो काही जीव उरला होता तो त्या वरच्या थरात होता."

काकांनी फावडं खाली ठेवलं नाही. ते धरूनच हळूहळू खाली बसले, जसं म्हातारं जनावर बसतं, आधी पुढचं मग मागचं. मुरूम पुन्हा वर आला होता. ताईच्या नवऱ्याच्या वेळी होता तसाच, पांढुरका. आगीतून उठून फुफाट्यात, असं आपण सहज बोलून जातो. त्या दिवशी मी ते पाहिलं.

ताई बांधावर उभी होती. ती जवळ आली, भावाच्या हातातलं फावडं सोडवून घेतलं आणि म्हणाली, "चल. हात धू." तेवढंच. त्यांच्यातलं भांडण तिथं मिटलं, पण मिटून काही हाताला लागलं नाही.

तरीही काका गप्प बसले नाहीत. ज्या ज्या शेतांवर गाळ टाकला होता, तिथं ते पायी जाऊ लागले. रस्ता तोंडपाठ होता, प्रत्येक बांध ओळखीचा. दारात उभं राहून सांगायचे: चांदी आहे, भाजीत येते, पुढचा टँकर घेऊ नका. कुणी हसून विषय बदलायचा. कुणी म्हणायचा, डॉक्टरनं सांगितलं का? कुणी आजारी पडलं का? काकांना खरं तेच सांगावं लागायचं, "नाही. माहीत नाही." आणि "माहीत नाही" एवढ्यावर कोण आपलं शेत बंद करतो?

कोबीवाल्यानं मात्र त्यांना आत घेतलं, दार लावलं आणि हात जोडले. "काका, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण हे बाजारात गेलं तर माझा एक गड्डा कुणी उचलणार नाही. तुम्हीच आणून टाकलंत, मी तुम्हाला बोल लावला का? नाही ना? मग तुम्ही पण गप्प बसा." बाहेर पडताना त्यानं काकांच्या पिशवीत दोन गड्डे टाकले, जुन्या सवयीनं. काका ते घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आले, आणि टाकणार कुठं म्हणून घरी घेऊन आले. ते गड्डे ओट्यावर सडून गेले.

पिटुकलीला त्यांनी डॉक्टरकडे नेलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. रक्त काढताना पोर रडायची आणि काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "सगळं ठीक दिसतंय."

"ठीक आहे, की ठीक दिसतंय?"

"काका, मला जे दिसतं तेच मी सांगू शकतो."

पिटुकली खरोखर ठणठणीत आहे. शाळेत जाते, झाडावर चढते, मास्तरांच्या नकला करते. जरा शिंकली की सगळं घर तिच्याकडे बघतं आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळतं. तिच्या आईनं मध्यंतरी मला विचारलं होतं, "अजून किती वर्षं वाट बघायची? म्हणजे, कधी म्हणायचं की झालं, आता काही होणार नाही?"

ताईच्या शेतात आता गवत आहे, तेही विरळ. ताई आणि सून दुसऱ्याच्या शेडमध्ये भाजीच्या पेट्या भरायला जातात. ती भाजी कुठून येते हे त्यांना ठाऊक आहे. मुलगा शहरात मालवाहू गाडी चालवतो. काका बस डेपोत रखवालदार झाले. बाजारात जायचं त्यांनी सोडलं, कारण टोपलीतला माल पाहिला की त्यांना शेत दिसायचं, आणि शेत दिसलं की त्यावर फिरणारा आपला टँकर. काकू भाजी आणतात आणि कुठून आणली ते सांगत नाहीत. काका विचारत नाहीत. दोघं खाली बघून जेवतात.

कापडाचा कारखाना पुढे बंद पडला. कुणी बंद पाडला नाही. दुसरीकडे स्वस्तात कापड होऊ लागलं, म्हणून गेला. मातीवाल्या बाई हे सांगायला मुद्दाम आल्या. नव्या गाळात चांदी बरीच कमी झालीय, म्हणाल्या. काकांनी विचारलं, "आणि जुनी?" त्या म्हणाल्या, "ती आहे तिथंच आहे." अजून त्या दरवर्षी नमुने घ्यायला येतात आणि काकांना बरोबर नेतात. बहुतेक शेतांची फाटकं आता त्या दोघांना उघडत नाहीत.

मागच्या रविवारी सकाळी काकांच्या दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा, गमबुटात. अंगाचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला, तेव्हाच मी ओळखलं. नवा ड्रायव्हर.

"काका, सगळे म्हणाले तुम्हाला विचार. टँकरचा मागचा वॉल्व्ह अडकतोय. उघडला की बंदच होत नाही. काल अर्धा गाळ माझ्या अंगावर आला."

काकांनी विचारलं, "तुला माहितेय ना त्यात काय आहे?"

"ऐकलंय." तो जमिनीकडे बघू लागला. "काका, मला दोन पोरं आहेत. दुसरं काम मिळालं तर आजच सोडीन. तुमच्या डेपोत आहे का काही?"

डेपोत काही नव्हतं. काकांनी तसं सांगितलं. मग काकांनी आत जाऊन आपले जाड रबरी हातमोजे आणले, त्याच्या हातात दिले आणि त्याच्याबरोबर पायरीवर बसून सांगू लागले: वॉल्व्ह आधी कुठून ढिला करायचा, जोर कुठं लावायचा नाही, आणि तोंड कायम कुठल्या बाजूला ठेवायचं, म्हणजे गाळ अंगावर येत नाही.